पांडुरोगात लोहकल्पापूर्वी आतड्यांचा विचार

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे आदिवासीबहुल तालुके १९९२-९३ मधील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे राज्यभर चर्चिले गेले. तेव्हापासून येथील रुग्ण निस्तेज दिसला की आहाराची उणीव गृहीत धरून लोहकल्प देण्याकडे आपला कल असतो. जंत, सिकलसेल व आतड्यांचा दीर्घकालीन दाह ही कारणे त्यामुळे दृष्टीआड होतात. यांपैकी शेवटच्या कारणाचा येथे विचार करू.

अनेक आठवडे द्रवमलप्रवृत्ती, मलातून रक्त व आव, उदरशूल आणि वजन घटणे ही लक्षणे पांडुतेसह आढळल्यास अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स डिसीजची शंका घ्यावी. रक्तातिसार व ग्रहणी यांच्याशी त्यांचे लक्षणसाम्य आहे. मात्र ते तंतोतंत एकच नव्हेत. आतड्यांचा क्षयही असाच भासतो.

या रुग्णांत लोह दोन प्रकारे उणावते. रक्तस्रावाने ते बाहेर जाते. शिवाय दाहामुळे यकृतात हेप्सिडिन वाढून आतड्यातील लोहशोषण रोखले जाते. अग्नी मंद असता औषधही सम्यक पचत नाही, या आपल्या सिद्धांताशी हे सुसंगत आहे. दाह असताना फेरिटिन १०० पर्यंत असले तरी लोहाची कमतरता असू शकते. दाह नसताना ही मर्यादा ३० मानतात.

म्हणून प्रथम रक्तस्तंभन व अग्निरक्षण, नंतर लोह, हा क्रम ठेवावा. चरकोक्त नवायस चूर्णात त्रिकटू व चित्रक आहेत. रक्त पडत असताना अशी तीक्ष्ण द्रव्ये विचारपूर्वकच योजावीत. दाह सक्रिय असल्यास किंवा हिमोग्लोबिन १० ग्रॅमहून कमी असल्यास शिरेवाटे लोह देणे आधुनिक वैद्यक श्रेयस्कर मानते. अशा रुग्णास जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय येथे विनाविलंब पाठवावे. दुर्बीण तपासणीसाठी पुढील मार्ग तेथून निघतो. सिकलसेलची तपासणीही करून घ्यावी, कारण त्या पांडुतेत लोहाची उणीव असतेच असे नाही.

औषधविक्रेत्यांचे साहाय्य येथे मोलाचे ठरेल. लोहकल्पाची बाटली वारंवार नेणाऱ्या ग्राहकास ‘शौचावाटे रक्त जाते का?’ एवढे अवश्य विचारावे. लोहाने मल काळसर होतो, त्यामुळे आतला रक्तस्राव झाकला जाऊ शकतो. पोटदुखीवर परस्पर वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. त्यांनी आतड्यांचा दाह बळावू शकतो.

नागलीची भाकरी व आवळा यांचा आहारात समावेश हितकर आहे. तथापि रक्त वाहत असता केवळ आहाराने तूट भरून निघत नाही.