नळीतल्या वायूचा हिशेब

वाऱ्याने गवत वाकते हे आपण रोज पाहतो. १८८९ साली अमेरिकेतल्या युटा प्रांतात जॉन ब्राउनिंग नावाच्या बंदूक कारागिराने ते बंदुकीच्या फुंकरीने वाकताना पाहिले. नेमबाजी चालली होती आणि दर बाराला नळीच्या तोंडासमोरची लव्हाळी बाजूला झुकत होती. तिथे मी असतो तर लव्हाळ्यांवर दोन ओळी लिहून घरी आलो असतो. ब्राउनिंगच्या मनात वेगळे आले. गोळीमागून एवढी ताकद फुकट बाहेर पडते, तर तिला कामाला का लावू नये? त्याच विचारातून पुढे १८९५ सालची कोल्ट मशीनगन तयार झाली.

मी कविता लिहिणारा माणूस, बंदूक कधी हातात धरलेली नाही. पण माझे मामू खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. लहानपणी त्यांच्या मांडीवर मी परीकथांऐवजी काडतुसांच्या गोष्टी ऐकल्या. इथे दारू म्हणजे अर्थातच बंदुकीची. मामूंच्या तोंडी मात्र ‘पावडर’ हाच शब्द असे. दारू म्हटले की घरात भलताच अर्थ निघायचा.

स्वयंचलित रायफलीतले गणित तसे सोपे आहे. चाप ओढला की काडतुसातली दारू पेटते, तिचा वायू होतो आणि तो गोळीला नळीतून ढकलतो. नळीच्या अंगाला एक बारीक छिद्र असते. गोळी ते ओलांडून पुढे गेली की थोडा वायू त्या छिद्रातून वळतो आणि मागचा बोल्ट उघडतो. रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, स्प्रिंग बोल्टला परत पुढे आणते आणि जाता जाता नवे काडतूस नळीत बसते. मिनिटाला सातशे गोळ्या म्हणजे हा सगळा व्याप सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी वेळात उरकायचा.

यातली खरी गोम वेळेची आहे. गोळी नळीत आहे तोवर ती बुचासारखी वायू अडवून धरते. ती बाहेर पडली की दाब एकदम ओसरतो. म्हणजे गोळीने छिद्र ओलांडले तेव्हापासून ती नळीच्या तोंडाबाहेर पडेपर्यंत जो क्षणाचा तुकडा मिळतो, तेवढ्यातच वायूला आपले काम करून घ्यावे लागते.

आता नळी आखूड करा. अमेरिकेच्या एम-१६ रायफलीची नळी २० इंचांची. व्हिएतनामच्या दाट जंगलात आणि हेलिकॉप्टरच्या दारात ती अडचणीची वाटू लागली, म्हणून आखूड रूपे आली. सुरुवातीला १० इंच, पुढे साडेअकरा. नळी तोकडी झाली की छिद्रही मागे, काडतुसाच्या जवळ सरकते. तिथे वायूचा दाब फार जबर असतो. बोल्टला धक्का लवकर आणि जोरात बसतो. पुंगळी अजून चेंबरच्या भिंतींना फुगून चिकटलेली असते आणि तेवढ्यात तिला ओढले जाते. कधी ती निघते, कधी तिची कड फाटते आणि ती आतच राहते. दुसरीकडे छिद्रापुढे नळी थोडीच उरल्याने वायूला मिळणारा वेळही घटतो. म्हणजे धक्का वाजवीपेक्षा जास्त आणि अवधी वाजवीपेक्षा कमी, अशी दुहेरी पंचाईत. शेरातली एक मात्रा गाळली की गाणारा नेमका तिथेच अडखळतो, तसे काहीसे.

शिवाय अर्धवट जळलेली दारू तोंडाशी भडकते. तिचा आवाज आणि ज्वाळा इतकी, की गोळी झाडणाऱ्याचाच ठावठिकाणा कळावा. म्हणून त्या आखूड नळीच्या टोकाला एक लांबट नळकांडे बसवले गेले. त्याने आवाज नि उजेड कमी केलाच, पण वायूला थोडा अडवून धरून यंत्र चालते ठेवायलाही हातभार लावला. नळी कापून जी लांबी वाचवली, तिच्यातली काही अशी परत जोडावी लागली! १९९४ साली आलेल्या एम-४ ची नळी साडेचौदा इंचांची आहे, हा याच ओढाताणीतला एक तह म्हणायचा.

नळीत केलेला बदल निदान डोळ्यांना दिसतो. दारूतला दिसत नाही, आणि माणसे मेली ती त्या बदलाने.

एम-१६ चा मूळ आराखडा यूजीन स्टोनर या अभियंत्याचा. वायू एका पोलादी बारीक नळीतून थेट बोल्टच्या वाहकात नेण्याची त्याची युक्ती. वजन कमी, भाग कमी. रशियन कलाश्निकोव्हमध्ये वायू दट्ट्याला ढकलतो आणि घाण पुढेच राहते. स्टोनरच्या रायफलीत ती आत येते. म्हणजे तिला कोणती दारू मिळते हे फार महत्त्वाचे. स्टोनरने ती लांबट कणांच्या दारूवर बेतली होती. १९६४ मध्ये लष्कराने गोल कणांची दारू मंजूर केली. गोळीचा ठरवलेला वेग पहिल्या दारूत, दाबाची मर्यादा राखून, नेमाने मिळत नव्हता, हे कारण. नव्या दारूने छिद्रापाशी दाब वाढला आणि रायफल तिच्या चालीपेक्षा भरधाव झाली. त्या दारूत आम्ल मारण्यासाठी घातलेला चुना वायूच्या नळीत साचू लागला. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, जंगलातल्या दमटपणात ते गंजायचे. भरीस भर म्हणून ही रायफल साफ करावी लागत नाही अशी समजूत पसरली होती आणि सफाईचे साहित्य पुरेसे पोचलेच नव्हते.

सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. नव्या दारूवर रायफली कारखान्यातल्या चाचणीत उतरेनात, तेव्हा जुन्या दारूवर चाचणी घ्यायला परवानगी मिळाली. रायफली पास झाल्या. व्हिएतनामला मात्र नवी दारू गेली.

१९६७ च्या वसंतात खे सान भागातल्या टेकड्यांवर मरीन सैनिक लढले. मेलेल्यांपैकी कित्येकांच्या शेजारी त्यांची रायफल उघडलेल्या अवस्थेत सापडली. अडकलेली पुंगळी काढता काढता ते गेले होते. एका सैनिकाचे घरी आलेले पत्र अमेरिकी प्रतिनिधिगृहात वाचले गेले. खासदार रिचर्ड इकॉर्ड यांच्या समितीने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अहवाल दिला. दारूगोळ्यातले दोष दूर न करण्यातला अधिकाऱ्यांचा हलगर्जीपणा गुन्ह्याच्या सीमेवर जातो, असे तिने बजावले. नंतर चेंबरला क्रोम आला, बोल्टची चाल आवरणारा बफर नवा आला, सफाईचे संच पोचले. आणि विल आइस्नर या चित्रकाराकडून सफाईवर एक कॉमिक काढून घेतले. ते सैनिकांनी वाचले, कारण ते वाचनीय होते. सरकारी पुस्तिकांच्या बाबतीत असे क्वचितच घडते.

नळी कापण्याबद्दल कायदाही जागा असतो. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने आखूड रायफलीला नोंदणी लावली. आज तिथे ही हद्द १६ इंचांची आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याचे सहावे कलम परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करायला मनाई करते. दोन्हीकडे काळजी एकच, लपवता येणाऱ्या हत्याराची. वायूचे गणित कायद्याच्या ध्यानीमनीही नसावे.

हे सगळे वाचल्यावर मी मामूंना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. कारखान्यात प्रत्येक लॉटमधली काडतुसे झाडून बघितल्याशिवाय लॉट बाहेर जात नसे, हे त्यांनी मला पूर्वी शंभरदा सांगितले होते. शेवटी विचारले, “मग ती पावडर बंद केली का?”

“नाही मामू. चुना कमी केला, पावडर तीच राहिली.”

“म्हणजे बंदुकीलाच पावडरीची सवय लावली,” मामू म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.