तोच आलेख पुन्हा काढता येईल का?

कोयनानगरचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. आंतरराष्ट्रीय सूचीत मात्र त्याची तारीख १० डिसेंबर दिसते. दोन्ही बरोबर! सूचीतील वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार असते आणि आपली घड्याळे तिच्या साडेपाच तास पुढे चालतात.

साताऱ्यातील कोयना जलाशयाच्या दक्षिणेला सांगली जिल्ह्यात चांदोलीचे वारणा धरण आहे. १९८५ पासून तेथे पाणी साठू लागले आणि पुढे भूकंपांचे क्षेत्रही तिकडे पसरले. पाणी चढले की धक्के वाढतात का, हा तेथे राहणाऱ्यांच्या घरादाराचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर दुसऱ्या कुणाला तपासता आलेच पाहिजे.

समजा, दोन भूकंपसूच्या एकत्र करायच्या आहेत. एक भारतीय वेळेची, दुसरी जागतिक. वेळ न बदलताच दुबार नोंदी गाळल्या, तर एकच भूकंप दोनदा शिल्लक राहतो. मग ठरावीक महत्तेखालचे धक्के वगळायचे, कारण पूर्वी उपकरणे विरळ असल्याने बारीक धक्के नोंदले जात नसत. ही मर्यादा ३ घेतली की ३.५? पुढे महिनावार मोजणी आणि शेवटी आलेख. मी स्वतः एकदा तयार आलेख हाती घेऊन बसलो होतो आणि तो कोणत्या यादीवरून काढला तेच आठवेना. संगणकात ‘अंतिम’, ‘अंतिम २’ आणि ‘खरे अंतिम’ अशा तीन फायली!

अशा कामासाठी ‘स्नेकमेक’, ‘नेक्स्टफ्लो’ यांसारख्या कार्यप्रवाह आज्ञावल्या आहेत. कल्पना जुनी आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत ‘मेक’ लिहिली, तिचेच हे वारस. ‘स्नेकमेक’मध्ये प्रत्येक पायरीचा एक नियम लिहायचा: कोणती फाईल घ्यायची, तिच्यावर काय करायचे, कोणती फाईल तयार होईल. आपण फक्त आलेख मागायचा. त्याला मोजणी लागते, मोजणीला गाळलेली यादी लागते, असे उलटे जात संगणक क्रम स्वतः ठरवतो. मर्यादा ३ ऐवजी ३.५ केली, तर गाळण्यापासूनच्या पायऱ्या पुन्हा चालतात. वेळ बदलण्याचे काम तसेच राहते. कोणत्या आज्ञावलीची कोणती आवृत्ती वापरायची, तेही लिहून ठेवता येते.

नियमच चुकला असेल तर चूकही दर वेळी तितक्याच इमानाने होईल. मात्र ती नियमांच्या फाईलमध्ये दिसते. साडेपाच तास मिळवण्याऐवजी वजा केले असतील, तर सांगलीतला अकरावीचा विद्यार्थीही ती ओळ दाखवू शकेल.