बाबी यार : आकडा होता, नावे नव्हती

युक्रेनची राजधानी कीव्ह येथे बाबी यार नावाची एक खोल घळ होती. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्याने शहर घेतले आणि काही दिवसांतच भिंतींवर नोटिसा लागल्या. सर्व ज्यूंनी सोमवार, २९ सप्टेंबर रोजी सकाळी आठपर्यंत कागदपत्रे, पैसे, मौल्यवान वस्तू व उबदार कपडे घेऊन ठरल्या जागी यावे; न येणाऱ्यास गोळी घातली जाईल, असा तो हुकूम होता. आपल्याला अन्यत्र वसविणार आहेत, अशीच अनेकांची समजूत झाली. तरुण पुरुष आघाडीवर असल्याने जमलेल्यांत बहुतांशी वृद्ध, स्त्रिया व मुले होती.

घळीपाशी प्रथम सामान घेतले गेले, मग अंगावरचे कपडे. दोन दिवसांत ३३,७७१ माणसे गोळ्यांनी मारली गेली. हा आकडा मारेकऱ्यांनीच बर्लिनला धाडलेल्या अहवालातला आहे. एककापर्यंत मोजदाद केली. नावे मात्र लिहिली नाहीत. पुढील दोन वर्षांत रोमा लोक, युद्धकैदी, मनोरुग्ण आणि युक्रेनी राष्ट्रवादी यांचीही येथेच हत्या झाली. १९४३ मध्ये माघार घेण्यापूर्वी जर्मनांनी कैद्यांकडून प्रेते उकरून जाळविली.

युद्ध संपले, पण स्मारक झाले नाही. उलट वीटकारखान्याचा गाळ सोडून घळ बुजविण्यात येऊ लागली. मार्च १९६१ मध्ये तेथील बांध फुटून खालच्या वस्तीत अनेकांचे प्राण गेले. त्याच वर्षी कवी येवतुशेन्को यांनी येथे स्मारक नसल्याची खंत कवितेतून जाहीर केली. पुढच्या वर्षी शोस्ताकोविच यांनी तिला आपल्या सिंफनीत स्थान दिले. अखेर १९७६ मध्ये सरकारी स्मारक उभे राहिले. त्यावर सोव्हिएत नागरिकांचा व युद्धकैद्यांचा उल्लेख होता. ‘ज्यू’ हा शब्द नव्हता.

ते वाक्य खोटे नव्हते, अपुरे होते. त्या दोन दिवसांतील माणसे ज्यू होती, एवढ्याच कारणाने मारली गेली. कारण गाळले की अपराधाची नोंदच अर्धी राहते. ती पूर्ण व्हायला पन्नास वर्षे लागली : १९९१ मध्ये सात शाखांच्या दीपवृक्षाचे, म्हणजे मेनोराचे, स्मारक तेथे उभारले गेले. पुढे बालकांचे व रोमांचेही स्मारक झाले. १ मार्च २०२२ रोजी रशियाने जवळच्याच दूरदर्शन मनोऱ्यावर क्षेपणास्त्रे डागली. त्यातही सामान्य नागरिकच दगावले.

शिळेचे काम संपले, तरी नावांचे संपलेले नाही. जेरुसलेमची याद वाशेम ही संस्था अनेक दशकांपासून साक्षीपत्रे भरून घेत आहे. एका मृतासाठी एक पत्र. त्यावर नाव, आईवडील, गाव आणि व्यवसाय. कोणी शिंपी असतो, कोणी शिक्षक. मारेकऱ्यांनी ज्यांची केवळ बेरीज ठेवली, त्यांची अशी एकेकाची नोंद करणे, हेच त्यांचे खरे स्मारक होय.