घोकंपट्टी आणि घाट

आमच्या शिरवळचा एक तरुण भाड्याची मोटार चालवूं इच्छितो. त्याची पहिली पायरी म्हणजे शिकाऊ परवान्याची परीक्षा. १५ प्रश्नांपैकीं ९ उत्तरें बरोबर आलीं कीं झालें. रस्त्यावरील चिन्हें त्यानें आम्हांस रूपावलीसारखीं घडाघडा म्हणून दाखविलीं. आम्हीं विचारलें, "भोरवरून महाडास जातांना वरंधा घाटांत अरुंद जागीं समोरून गाडी आली, तर वाट कोणीं द्यावी?"

"चढणाऱ्यानें, गुरुजी."

नियम उलट आहे, उतरणारानें थांबावयाचें. चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा हालवितांना मागें घसरण्याचें भय असतें. हें ऐकून तो गप्पच झाला. त्याची आई त्याच वाटेनें माहेरीं जाते.

परीक्षा सोमवारीं आहे. चिन्हांचा कागद आम्हीं ठेवून घेतला, आणि त्याला एकवार घाटांतून फिरवून आणण्यास त्याच्या मामांस सांगितलें.