लाखेच्या तबकडीतले जॅझ

श्रोतेहो, पळसाच्या, बोरीच्या किंवा कुसुमाच्या फांदीवर चढलेला लाखेचा थर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पूर्व विदर्भातल्या मंडळींना तर लाख काही नवी नाही. एक बारीक किडा झाडाचा रस शोषतो आणि आपल्या अंगाभोवती हे कवच करतो. ते खरवडून, धुऊन, वितळवून त्याचा चपडा होतो. बांगड्या, पत्रावरची मोहोर, सुताराचे पॉलिश हे लाखेचे उपयोग आपल्याला ठाऊक आहेत. पण हीच हिंदुस्थानी लाख एके काळी बोटीने अमेरिकेला जाई आणि तिथे गाण्याच्या तबकड्यांत पडे, हे सहसा कुणी सांगत नाही.

त्या तबकड्यांपैकी काहींवर जॅझ नावाचे संगीत आहे. जगभर काही माणसे त्या जुन्या तबकड्या जिवापाड जपतात, त्यांतल्या खरखरीवरून तासन् तास वाद घालतात. तुम्ही म्हणाल, एवढे काय आहे त्या खरखरीत? तेच आज पाहू.

आधी जॅझ म्हणजे काय? अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी नदीकाठी न्यू ऑर्लिन्स नावाचे शहर आहे. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. तिच्यातून सुटलेल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांत, मिरवणुकीच्या बँडमधून, देवळातल्या भजनांतून आणि कष्टाच्या गाण्यांतून हे संगीत विसाव्या शतकाच्या आरंभी आकाराला आले. त्याचे मर्म एवढेच, की धून ठरलेली, पण वाजवणारा ती दर वेळी नव्याने मांडणार. आपला गवई एकच चीज आज एका अंगाने आणि उद्या दुसऱ्या अंगाने गातो ना, तसेच काहीसे.

आणि इथेच खरी मेख आहे. असे संगीत कागदावर पुरते उतरत नाही. वाजले आणि गेले. राहिले तर तबकडीवर राहिले. न्यू ऑर्लिन्समध्ये बडी बोल्डन नावाचा कॉर्नेट वाजवणारा होऊन गेला. कॉर्नेट म्हणजे तुतारीच्या जातीचे आखूड वाद्य. जॅझच्या आद्य पुरुषांत त्याचे नाव घेतात, पण त्याची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. तो कसा वाजवी, हे आता कुणालाच कळायचे नाही. म्हणून या क्षेत्रात तबकडी हीच पोथी, आणि तीच साक्षीदार.

जॅझची पहिली तबकडी म्हणून जी ओळखली जाते, ती न्यूयॉर्कमध्ये फेब्रुवारी १९१७ मध्ये मुद्रित झाली. वाजवणारे होते न्यू ऑर्लिन्सचे पाच गोरे वादक. ज्या काळ्या वादकांकडून हे संगीत आले, त्यांना मात्र थांबावे लागले. किंग ऑलिव्हरच्या बँडने एप्रिल १९२३ मध्ये इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीसाठी पहिल्यांदा वाजवले. त्यात दुय्यम कॉर्नेट होता लुई आर्मस्ट्राँग, वय अवघे एकवीस. पुढे साऱ्या जगाने ज्याचे नाव घेतले तोच हा.

आता तिथे मुद्रण कसे झाले ते ऐका. मायक्रोफोन नव्हता, वीज नव्हती. भिंतीतून एक मोठा कर्णा पुढे आलेला. त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई, आणि सुईखाली फिरणारी मेणाची जाड तबकडी. आवाजाच्या जोरावरच पडदा हले आणि सुई मेणात नागमोडी चर पाडी. म्हणजे आवाज मोठा-लहान करायला उपाय एकच: माणसे पुढे-मागे उभी करायची! आर्मस्ट्राँगचा फुंकर इतका जोरदार, की त्याला बाकीच्यांपासून दूर, मागे उभे केले, असे त्या बँडमधली मंडळी पुढे सांगत. मोठा ढोल वाजला तर सुईच उडे, म्हणून ढोलवाल्याने लाकडी ठोकळे वाजवले. मोठे तंतुवाद्य वाजवणाऱ्या बिल जॉन्सनने हातात बॅंजो घेतला. आणि इमारत रेल्वेच्या रुळांलगत असल्यामुळे गाडी आली की काम बंद!

शिक्षक बंधुभगिनींनो, हे मुलांना जरूर सांगा. जुन्या तबकडीवर ढोल ऐकू येत नाही, म्हणून त्या काळी ढोल वाजवीत नसत, असे अनुमान कुणी काढले तर ते चुकेल. कर्ण्याला खर्जाचे सूर आणि अगदी वरचे बारीक सूर दोन्ही पकडता येत नसत. मधला पट्टा तेवढा पकडला जाई. पुराव्यात जे नाही ते घडलेच नाही, असे समजू नये. इतिहासाचा हा मोठा धडा एका तबकडीतून शिकवता येतो.

सन १९२५ मध्ये मोठ्या कंपन्यांनी मायक्रोफोन आणि विजेची यंत्रणा आणली आणि चित्रच पालटले. खर्ज आला, झांजेची चमक आली, गाणाऱ्याला ओरडावे लागेना. आर्मस्ट्राँगच्या स्वतःच्या पाच जणांच्या संचाचे पहिले मुद्रण नोव्हेंबर १९२५ मध्ये शिकागोला झाले, ते अजून जुन्याच पद्धतीचे. मे १९२७ मधले त्याच्या सात जणांच्या संचाचे मुद्रण विजेचे. दोन्ही एकापाठोपाठ ऐका. बंद खोलीची खिडकी उघडल्यासारखे वाटते.

आता खरखरीकडे वळू. दहा इंची तबकडी एका बाजूला सुमारे तीन मिनिटे वाजे. ती नुसत्या लाखेची नसे. लाख केवळ बांधणीला. जास्त भाग दगडाच्या भुकटीचा, शिवाय रंगाला काजळी. दगड का, तर पोलादी सुई जड असे. तबकडी तिला टिकली पाहिजे, आणि सुई घासून चराच्या मापाची झाली पाहिजे. म्हणून तर दर वेळी नवी सुई लावायची पद्धत होती. तेव्हा आपण जी खरखर ऐकतो, तिच्यातला काही भाग या भुकटीचाच आवाज असतो. कंपनीने माल हलका वापरला की खरखर जास्त. विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या करणाऱ्या कंपनीने पॅरामाउंट या नावाने तबकड्या काढल्या. काळ्या कलावंतांचे अमोल संगीत तिने छापले, पण माल इतका निकृष्ट, की नवी तबकडीसुद्धा खरखरे.

त्यात महायुद्ध आले. लाख पूर्वेकडून येणार, आणि समुद्र तर लढाईने अडलेला. अमेरिकेच्या सरकारने १९४२ मध्ये तबकड्यांच्या लाखेत ७० टक्के कपात केली. मग जुन्या तबकड्या गोळा करून, दळून, पुन्हा नव्या करू लागले. त्या भरडीत किती दुर्मिळ जॅझ गेले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. किंग ऑलिव्हरची १९२३ मधली जेनेटची एक तबकडी अशी आहे, की तिची एकच प्रत सापडल्याचे संग्राहक सांगतात. ती एक फुटली असती, तर ते वादनही बोल्डनच्या वाटेने गेले असते.

म्हणूनच संग्राहक तबकडी हाती आली की आधी कपाळावरची चिठ्ठी वाचत नाही, तर चर संपतात तिथल्या कोऱ्या जागेत कोरलेला आकडा वाचतो. एकच धून बँडने त्या दिवशी दोनदा वाजवली असेल, तर त्या दोन्हींचे आकडे निराळे असतात. दुसरी पारख वेगाची. मिनिटाला ७८ फेरे हे पुढे ठरले. आधी कोणी ८० फेऱ्यांनी मुद्रण करी, कोणी कमी. आणि ७८ ची तबकडी ८२-८३ ने फिरवली, की पांढरी एकचे गाणे काळी एकमध्ये जाते! मग वादकाचा दम आणि लय दोन्हींविषयी आपला ग्रह चुकीचा होतो. तिसरी पारख सुईची. पुढच्या काळातल्या लाँग प्ले तबकडीची सुई या रुंद चरात तळाशी लोळते आणि नुसती घाण वाजवते. जुन्या चराला तिप्पट जाड सुई लागते.

आता मुख्य वादाचा मुद्दा. खरखर काढावी की ठेवावी? लाँग प्ले तबकड्यांच्या काळात काही कंपन्यांनी जुन्या मुद्रणांना खोटा घुमारा देऊन ती नवी भासवली. आज संगणक क्षणात खरखर पुसतो. पण गोम अशी, की बारीक खरखर आणि कॉर्नेटची धार, झांजेची किणकिण ही सारी एकाच उंच पट्टीत नांदतात. धान्य पाखडताना कोंडा उडावा हे खरे. सुपातून दाणेच उडाले तर काय खाणार? इंग्लंडमधले जॉन आर. टी. डेव्हिस हे या कामातले नामांकित. आवाजफितीवरचा एकेक टिचका शोधून तेवढीच जागा ते हाताने खरवडीत. बाकी संगीताला धक्का नाही. जाणत्यांचा सल्ला असा: आधी तबकडी जशी आहे तशी उतरवून ती प्रत जपा, आणि मग दुसऱ्या प्रतीवर काय ती साफसफाई करा.

हे सारे दूरदेशीचे वाटेल, पण लिऑन अ‍ॅबीचा काळ्या वादकांचा बँड १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. अशा वादकांकडून आणि तबकड्यांवरून आपल्या गोमंतकीय वादकांनी हे संगीत उचलले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनिओ झेवियर वाझ त्यांतलेच. आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्याबरोबर त्यांनी काम केले. १९५१ च्या ‘अलबेला’त त्यांचा संच पडद्यावरही दिसतो.

तेव्हा माळ्यावर काळी जड तबकडी सापडली, तर ती भंगारात घालू नका. मग ती जॅझची असो, नाट्यगीताची असो की लावणीची. ती उभी ठेवा, उन्हापासून दूर ठेवा. कोरड्या मऊ ब्रशाने पुसा. स्पिरिट मात्र चुकूनही लावू नका. सुतार चपडा कशात विरघळवतो, हे आठवले म्हणजे कारण कळेल. आणि शाळेत एक प्रयोग करा. कागदाचा कर्णा करून त्याच्या टोकाला शिवणाची सुई खोचा आणि फुटक्या, निकामी तबकडीच्या चरात ती टेकवून तबकडी हाताने फिरवा. चांगली तबकडी घेऊ नका, ती खराब होईल. वीज नाही, यंत्र नाही, तरी कागद बोलू लागेल. तो बोल ऐकताना मुलांचे चेहरे पाहा. रिचमंडच्या त्या कर्ण्यापुढे वादक कसे उभे राहिले असतील, हे मग त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.