पणजीचं माहेर कुठलं?

गेल्या वर्षी लेकीकडे आयर्लंडला, डोनेगल जिल्ह्यात तीन महिने राहिले. शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक शेतकरीण बाई होत्या. जन्म तिथलाच, पण आडनाव स्कॉटिश! घराण्याची मुळं शोधायचा त्यांना नाद. रोज चहाला बोलवायच्या आणि एकेक कागद दाखवायच्या.

१६०९च्या सुमारास राजा पहिला जेम्स यानं अल्स्टर प्रांतातल्या आयरिश सरदारांच्या जमिनी घेऊन तिथे स्कॉटलंड-इंग्लंडची माणसं वसवली. बाईंचे पूर्वज त्यांतलेच. "आमचं घर बसलं ते कुणाचं तरी उठवून," त्या सरळ सांगायच्या.

पण कागद चाळताना एक गोष्ट मला खुपली. यात बायका कुठायत? १६३०च्या सुमाराची यादी आहे, ती लढाईला उपयोगी पडतील अशा पुरुषांची. १७९६ची यादी तर गमतीचीच. लिननसाठी जवस पेरणाऱ्याला चरखा बक्षीस मिळायचा. सूत कातायच्या घरातल्या बायका, पण नावं बहुतेक पुरुषांची! १८४७ ते १८६४ या काळात घरं-जमिनींची आकारणी झाली. तिच्यात बाई दिसते ती बहुधा विधवा झाल्यावर. त्यात १९२२च्या यादवीत डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळला आणि १८२१ ते १८५१च्या जनगणनांचे बहुतेक कागद राख झाले.

१९११ची जनगणना मात्र शाबूत आहे, इंटरनेटवर फुकट बघता येते. तिच्यात लग्न झालेल्या बाईसाठी खास रकाने आहेत. लग्नाला वर्षं किती? मुलं जन्मली किती? आज हयात किती? बाईंच्या पणजीपुढे लिहिलं होतं – जन्मली नऊ, हयात सहा. तीन लेकरं गेल्याचं दुःख दोन आकड्यांत मावलेलं! आम्ही दोघी बराच वेळ गप्प होतो.

पणजीचं माहेर सापडलं ते आजोबांच्या जन्मदाखल्यावर. आयर्लंडमध्ये १८६४पासून जन्मनोंदणी सक्तीची झाली आणि त्या नोंदीत आईचं माहेरचं आडनावही असतं. तिथे होतं 'गॅलहर'. अस्सल आयरिश! ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्यातलीच लेक सून होऊन आली होती. धर्मपंथ वेगळा, म्हणून घरात त्या माहेराचं कुणी नावच काढलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "सगळ्या जन्मात मला वाटलं, मी या बाजूची. मी तर दोन्हीकडची निघाले."

चारशे वर्षांचं वैर त्या घरात एका बाईनं कधीच ओलांडलं होतं, आणि तिचंच नाव पुसलं गेलं होतं.

मैत्रिणींनो, तुमच्या पणजीचं माहेरचं नाव, गाव ठाऊक आहे का हो? घरात ऐंशीच्या पुढच्या आजी असतील, तर आज दुपारी त्यांच्याजवळ बसा. विचारा, आणि वहीत लिहून ठेवा. वंशावळीच्या कागदात ते मिळेलच असं नाही.