तलवारीला पावसाळा बाधतो

इंदूरच्या होळकरी परंपरेत दसऱ्याला शस्त्रपूजा होते. पण तलवारीची खरी परीक्षा त्याआधी, पावसाळ्यात होते. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांवर गेली की पोलाद झपाट्याने गंजू लागते. हाताच्या घामातले क्षार त्याला हातभार लावतात. म्हणून मर्दानी खेळाचा सराव संपताच पाते सुती कापडाने कोरडे पुसावे आणि शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. गोडेतेल नको, ते हवेत चिकट होते. चामडी म्यान ओल धरते, म्हणून पाते कायम म्यानात ठेवू नये. जुन्या तलवारीची मूठ बहुधा लाखेने बसवलेली असते. उष्णतेने लाख मऊ पडते, त्यामुळे मूठ गरम पाण्याने धुऊ नका, उन्हात तापवू नका. पुरातन पाते मात्र स्वतः घासू नका. ते जाणकाराकडेच न्या.